पॅलेडियमचं काम बोरॉन-फॉस्फरसला जमेल का? पकडणं जमलंय, सोडणं अजून शिकतायत

हायड्रोजनेशनची, म्हणजे रेणूला हायड्रोजन जोडायच्या रिॲक्शनची, बॅच संपली की रिॲक्टरमधून बाहेर येणारं द्रावण शाईसारखं काळं असतं, आणि ते फिल्टर करताना एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची, फिल्टरवरचा काळा थर कोरडा पडू द्यायचा नाही. तो थर म्हणजे कोळशाच्या बारीक भुकटीवर बसवलेलं पॅलेडियम, या रिॲक्शनचा कॅटलिस्ट. त्यात हायड्रोजन मुरलेला असतो, आजूबाजूला मिथेनॉलची वाफ असते, आणि हवा लागली की केक आपोआप पेट घेऊ शकतो, काडी लावावी लागत नाही. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या प्रोसेस लॅबमध्ये नवीन लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं, नायट्रोजन चालू ठेव, केकवर पाणी मार, ओला केक लगेच डब्यात भर. मग त्या डब्याचं वजन होतं, वहीत नोंद होते आणि पॅलेडियम परत काढून देणाऱ्या रिफायनरकडे तो डबा जातो. सोनाराच्या दुकानातला केर फेकून देत नाहीत, तसंच.

आणि हा सोपा प्रकार झाला, कारण इथे पॅलेडियम निदान डोळ्यांना दिसतं. खरा त्रास देतं ते द्रावणात विरघळलेलं पॅलेडियम. सुझुकी कपलिंग नावाची रिॲक्शन आहे, दोन वेगळ्या रेणूंमधले कार्बन एकमेकांना जोडायची, औषधं बनवणाऱ्यांना तिच्याशिवाय पान हलत नाही इतकी वापरात, २०१० चं केमिस्ट्रीचं नोबेल रिचर्ड हेक, एइची नेगिशी आणि अकिरा सुझुकी यांना पॅलेडियमच्या अशा कपलिंगच्या कामासाठी मिळालं. पण औषधात उरलेल्या पॅलेडियमला मर्यादा आहे, तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅम, इंजेक्शनमधून १० मायक्रोग्रॅम, त्याच्या वर गेलं की माल पुढे जात नाही. आमच्या एका बॅचमध्ये पॅलेडियम जास्त निघालं, चारकोल ट्रीटमेंट केली, म्हणजे पॅलेडियम शोषून घ्यायला कोळशाची भुकटी घातली, तरी जास्त, परत केली, तरी थोडं जास्तच, तिसऱ्यांदा केल्यावर आकडा खाली आला पण तोवर दोन दिवस आणि बराचसा माल त्या चारकोलमध्येच गेला होता. तेव्हापासून मी हा विषय जमेल तसा वाचतोय, की हे महागडे दुर्मिळ धातू सोडून बोरॉन, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, फॉस्फरस, कॅल्शियम अशा साध्या मेन ग्रुपच्या, म्हणजे पिरिऑडिक टेबलच्या दोन्ही बाजूंच्या, मूलद्रव्यांकडून हीच कामं करून घेता येतील का. उत्तर खूप इंटरेस्टिंग आहे म्हणून नीट सांगतो.

शाळेत आपण कॅटलिस्टची व्याख्या पाठ केली, रिॲक्शनचा वेग वाढवतो पण स्वतः बदलत नाही. त्यातला दुसरा भाग जरा फसवा आहे. कॅटलिस्ट बदलतो, चांगलाच बदलतो, फक्त शेवटी परत मूळ रूपात येतो. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखं, एका घरचं जमलं की त्याने उठून पुढच्या घरी जायला हवं, पहिल्याच घरी मुक्काम ठोकला तर पुढची लग्नं कोण जमवणार? म्हणजे कॅटलिस्टला दोन गोष्टी यायला हव्यात, रेणू पकडून तोडणं आणि काम झालं की सोडून देणं. हे दुसरं लक्षात ठेवा, सगळी मेख तिथेच आहे.

आता ट्रान्झिशन मेटल, म्हणजे पिरिऑडिक टेबलच्या मधल्या पट्ट्यातले धातू, यात इतके हुशार का? हायड्रोजनचं उदाहरण घेऊ. हायड्रोजनच्या रेणूतले दोन अणू एकाच बाँडने धरलेले असतात पण तो बाँड मजबूत, मोलमागे ४३६ किलोज्यूल लागतात तोडायला. पॅलेडियम, रोडियम, प्लॅटिनम यांच्याकडे डी ऑर्बिटल असतात, काही भरलेली काही रिकामी, आणि दोन्हींच्या एनर्जीत फार फरक नसतो. हायड्रोजन जवळ आला की धातू रिकाम्या ऑर्बिटलमध्ये त्याच्या बाँडचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि त्याच वेळी भरलेल्या ऑर्बिटलमधून स्वतःचे इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या अशा जागेत ढकलतो की जिथे इलेक्ट्रॉन गेले की बाँड कमकुवत होतो. एका हाताने घ्यायचं, दुसऱ्या हाताने द्यायचं, आणि दोन्ही हात एकाच अणूचे. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोसमध्ये ग्रेगरी कुबास यांनी टंगस्टनचं असं संयुग प्रसिद्ध केलं ज्यात हायड्रोजनचा रेणू न तुटता धातूला चिकटून बसलाय, म्हणजे ही घेवाणदेवाण अर्ध्यावर थांबलेली पकडली त्यांनी. आणि सोडायच्या बाबतीत पण हे धातू सढळ, पॅलेडियम शून्य अवस्थेतून (ऑक्सिडेशन स्टेट, म्हणजे अणूने किती इलेक्ट्रॉन दिलेत त्याचा आकडा) अधिक दोनमध्ये जातं आणि परत शून्यावर येतं, जाण्यायेण्याचा खर्च कमी, म्हणून काही ट्रान्झिशन मेटल कॅटलिस्टचा एक रेणू लाखो फेऱ्या मारतो.

इतकं चांगलं चाललंय तर बदलायचं कशाला? कारण माल कुठून येतो ते बघा. रोडियम आणि इरिडियम जमिनीच्या कवचात टनामागे मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी. जगातलं बहुतेक रोडियम एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतं, पॅलेडियमचा मोठा हिस्सा रशिया आणि दक्षिण आफ्रिकेतून, तिथे काही झालं की भाव उडतात. मार्च २०२१ मध्ये रोडियम औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास गेलं होतं, औंस म्हणजे जेमतेम ३१ ग्रॅम, त्याच सुमाराला सोनं औंसाला १७०० च्या आसपास होतं. गाड्यांच्या सायलेन्सरमधले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोरीला जातात ते याच धातूंसाठी.

याच्या उलट आपल्या पायाखालचा दगड घ्या. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे डेक्कन ट्रॅपचा बेसाल्ट. एक टन बेसाल्टमध्ये साधारण २३० किलो सिलिकॉन, ७० किलोच्या आसपास ॲल्युमिनियम, जवळपास तेवढंच कॅल्शियम आणि ३०-४० किलो मॅग्नेशियम असतं. अख्ख्या पृथ्वीच्या कवचाचा हिशोब केला तरी सिलिकॉन २८ टक्के आणि ॲल्युमिनियम ८ टक्के. बोरॉन त्या मानाने कमी आहे पण एका जागी साठलेलं सापडतं, सगळ्यात मोठे साठे तुर्कस्तानात, म्हणून बोरॅक्स स्वस्त पडतो.

मेन ग्रुपची मूलद्रव्यं कॅटलिस्ट म्हणून नवीन आहेत असंही नाही हं. १८७७ मध्ये शार्ल फ्रिडेल आणि जेम्स क्राफ्ट्स यांनी ॲल्युमिनियम क्लोराइड वापरून बेंझीनच्या कड्याला साखळ्या जोडल्या, बारावीला सगळ्यांनी ती रिॲक्शन लिहिलीय. पेट्रोल बनवताना जड तेलाचे लांब रेणू तोडायला झिओलाइट वापरतात, सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनची सच्छिद्र जाळी, रिफायनरीतले कृत्रिम असतात पण नैसर्गिक झिओलाइट बघायचे तर सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये जा, आपल्याच बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये तयार झालेले स्टिल्बाइट, ह्युलंडाइटचे स्फटिक तिथे काचेआड ठेवलेत, फिकट गुलाबी, मोत्यासारखी चकाकी असलेले, मी पहिल्यांदा बघितले तेव्हा तासभर हललो नव्हतो. पण ॲल्युमिनियम क्लोराइड काय झिओलाइट काय, हे सगळे ॲसिड. यांना एकच हात, घेणारा. इलेक्ट्रॉन ओढून घेतील, देणार नाहीत. त्यामुळे साध्या तापमानाला हायड्रोजन तोडणं वगैरे कामं यांच्या आवाक्यातली नाहीत असंच पुस्तकात लिहिलेलं असायचं.

मग विचार असा आला, एका अणूत दोन हात नसतील तर दोन अणूंचे एकेक हात वापरू. गिल्बर्ट लुईस यांनी १९२३ मध्ये सांगितलेली व्याख्या आठवा, इलेक्ट्रॉनची जोडी घेणारा तो ॲसिड, देणारा तो बेस. बोरॉनकडे रिकामं ऑर्बिटल असतं, तो घेणारा. फॉस्फरसकडे मोकळी जोडी असते, तो देणारा. अडचण एवढीच की दोघांना एकत्र आणलं की ते एकमेकांनाच मिठी मारतात, दोन्ही हात गुंतले, खेळ खलास.

इथे मला नेहमी आंतरपाट आठवतो. वधू-वर समोरासमोर उभे आहेत, मध्ये कापड धरलंय, दोघं हातभर अंतरावर पण भेट नाही. केमिस्ट लोकांनी नेमकं हेच केलं, बोरॉन आणि फॉस्फरसच्या भोवती इतके धिप्पाड गट लावले की ते जवळ येऊच शकत नाहीत. दोघांची ओढ तशीच शिल्लक राहते. या जोड्यांना फ्रस्ट्रेटेड लुईस पेअर म्हणतात, लोक थोडक्यात एफएलपी म्हणतात. याचा एक पुरावा १९४२ मध्येच मिळाला होता, हर्बर्ट ब्राऊन यांना दिसलं की ल्युटिडिन नावाचा बेस ट्रायमिथाइल बोरॉनशी जुळतच नाही कारण त्याचे दोन मिथाइल मध्ये येतात. ब्राऊन यांना पुढे बोरॉनच्याच कामासाठी १९७९ चं नोबेल मिळालं, पण या न जुळण्याचा उपयोग कशाला होईल हे पुढची साठेक वर्षं कोणाला सुचलं नाही.

२००६ मध्ये कॅनडात डग्लस स्टीफन यांच्या ग्रुपने एक रेणू बनवला, एका टोकाला फॉस्फरस, दुसऱ्या टोकाला बोरॉन, मध्ये फ्लोरिन लावलेलं कडक सहा कार्बनचं कडं, म्हणजे हा आंतरपाट कधी खाली पडायचाच नाही. या रेणूवर आधीच दोन हायड्रोजन बसलेले होते, एक फॉस्फरसवर एक बोरॉनवर. तो १०० अंश सेल्सियसच्या वर तापवला की हायड्रोजन वायू सुटून जातो. आणि उरलेला रेणू २५ अंशाला, साध्या एका वातावरणाच्या दाबाच्या हायड्रोजनमध्ये ठेवला की तो हायड्रोजन परत गिळतो. यात धातू कुठेच नाही! बोरॉन हायड्रोजनच्या बाँडमधले इलेक्ट्रॉन ओढतो, फॉस्फरस आपली जोडी पुढे ढकलतो, मध्ये सापडलेला हायड्रोजन रस्सीखेचीतल्या दोरीसारखा ताणला जाऊन तुटतो, प्लस फॉस्फरसकडे, मायनस बोरॉनकडे. पॅलेडियम जे एकट्याने करतं ते इथे दोघांनी वाटून घेतलं. आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की तापवल्यावर त्यांनी हायड्रोजन सोडला. पुढच्याच वर्षी याच ग्रुपने असे रेणू वापरून इमिनचं, म्हणजे कार्बन-नायट्रोजन डबल बाँडवाल्या रेणूचं, हायड्रोजनेशन केलं, पूर्ण चक्र, पकडलं, दिलं, परत पकडायला मोकळे. २००९ मध्ये स्टीफन आणि जर्मनीतल्या म्युन्स्टरचे गेरहार्ड एर्कर यांनी अशाच जोड्यांनी कार्बन डायऑक्साइड पकडून परत सोडून दाखवला.

त्याच काळात दुसरीकडे पण बरंच चालू होतं. कॅलिफोर्नियात फिलिप पॉवर यांनी २००५ मध्ये जर्मेनियमच्या संयुगाने साध्या तापमानाला हायड्रोजन तोडला, आणि २००७ मध्ये गी बर्ट्रांड यांनी कार्बीनने, म्हणजे दोन बाँड कमी असलेल्या एकट्या कार्बनने, हायड्रोजन आणि अमोनिया दोन्ही तोडले. अमोनिया तोडणं बहुतेक ट्रान्झिशन मेटलनाही जड जातं, अमोनिया आपली जोडी देऊन धातूला नुसता चिकटून बसतो, पुढे काही होत नाही.

पण इथे ती मेख आली. कार्बीनने हायड्रोजन तोडला आणि दोन्ही हायड्रोजन स्वतःच ठेवून घेतले, आता तो साधा चार बाँडवाला तृप्त कार्बन झाला, त्याला परत मागे कोण आणणार? ॲल्युमिनियमचंही तेच. अधिक एक अवस्थेतलं ॲल्युमिनियम मोठ्या कष्टाने बनवतात, ते अतिशय भुकेलं असतं, समोर येईल ते तोडतं, पण एकदा अधिक तीनमध्ये गेलं की पाय रोवून बसतं. ॲल्युमिनियम-ऑक्सिजन, सिलिकॉन-ऑक्सिजन हे बाँड किती मजबूत ते सांगायला आपले डोंगर उभेच आहेत. म्हणजे जी गोष्ट या मूलद्रव्यांना मुबलक करते तीच त्यांना कॅटलिस्ट व्हायला आडवी येते, ती ऑक्सिजनला धरून दगडात बसलीत आणि सोडत नाहीत.

यातून लोक वेगवेगळ्या वाटा काढतायत. एक वाट म्हणजे अवस्था बदलायचीच नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लिथियमची संयुगं हायड्राइड (मायनस भार असलेला हायड्रोजन) एका हाताने कीटोनला देतात आणि मग बोरॉनच्या अभिकारकाकडून नवीन हायड्राइड घेतात, धातू पहिल्यापासून शेवटपर्यंत अधिक एक किंवा अधिक दोनच राहतो, नुसती अदलाबदल. पुण्याच्या एनसीएलमध्ये (नॅशनल केमिकल लॅबोरेटरी) साक्य सेन यांच्या ग्रुपने अशा साध्या लिथियम आणि कॅल्शियमच्या संयुगांवर छान काम केलंय, आणि जर्मनीत स्योर्ड हार्डर यांनी २००८ मध्येच कॅल्शियमने डबल बाँडचं हायड्रोजनेशन करून दाखवलं होतं.

दुसरी वाट मला फार आवडते. अलेक्झांडर राडोसेविच यांच्या एमआयटीतल्या ग्रुपने फॉस्फरसला चार अणूंच्या छोट्या कड्यात कोंबलं. फॉस्फरस अधिक पाचमध्ये गेला की सहसा परत यायला तयार नसतो, पण त्या आखडलेल्या कड्यात त्याला तसंही आरामात बसता येत नाही, त्यामुळे एक साधं सिलेन (सिलिकॉन-हायड्रोजन बाँड असलेलं संयुग) दिलं की ते त्याच्यावरचा ऑक्सिजन काढून नेतं आणि तो परत अधिक तीनवर येतो. म्हणजे स्वभाव मूलद्रव्याचा असतो खरा, पण त्याला कशा खुर्चीत बसवलंय यावर त्याची वागणूक बदलते.

तिसरी वाट बारावीच्या इनर्ट पेअर इफेक्टची. एकाच रकान्यात खाली खाली गेलं की जड मूलद्रव्यं आपली शेवटची इलेक्ट्रॉन जोडी द्यायला नाखूश असतात, बिस्मथला अधिक पाचमध्ये राहणं नको असतं, ते परत तीनवर यायला बघतं. जोसेप कोर्नेला यांनी जर्मनीत मुलहाइमच्या मॅक्स प्लांक संस्थेत याच नाखुशीचा उपयोग करून २०२० मध्ये बिस्मथने कार्बन-फ्लोरिन बाँड जोडून दाखवला. आता बिस्मथ जमिनीत मुबलक अजिबात नाही, पण शिसं शुद्ध करताना जोडउत्पादन म्हणून मिळतं, स्वस्त आहे, आणि जड धातू असूनही विषारीपणा इतका कमी की पोटाच्या औषधात घालतात.

नायट्रोजनचंही सांगायलाच हवं. हवेतला नायट्रोजन पकडणं हे ट्रान्झिशन मेटलचंच काम अशी पक्की समजूत होती, २०१८ मध्ये वुर्झबर्गच्या होल्गर ब्राउनश्वाइग यांच्या ग्रुपने बोरॉनच्या संयुगाने नायट्रोजनचा रेणू पकडला. अजून कॅटॅलिसिस नाही हे, फेरी पूर्ण होत नाही, पण ज्याला हात लावता येणार नाही असं वाटायचं त्याला हात लागला.

आता प्लांटमधल्या माणसाच्या नजरेने बोलतो. उद्या कोणी पॅलेडियमचा डबा बाजूला ठेवून एफएलपी टाकेल असं होणार नाही. पहिली अडचण पाणी. एफएलपीमध्ये वापरतात तो फ्लोरिनवाला बोरॉन पाण्याचा रेणू दिसला की त्याला धरतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात प्लांटमधला सॉल्व्हंट कोरडा ठेवणं म्हणजे काय ते तिथे काम केलेल्यालाच माहीत. यातली बरीच संयुगं तर ग्लोव्हबॉक्समध्येच हाताळावी लागतात, आर्गॉन भरलेली काचेची पेटी, जाड रबरी हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घालून वजन करायचं. यावर काम चालू आहे, २०१४ मध्ये स्टीफन यांच्या आणि लंडनच्या ॲशली यांच्या ग्रुपने वेगवेगळं दाखवलं की ईथरसारखा सॉल्व्हंटच बेसचं काम करू शकतो आणि कीटोनचं हायड्रोजनेशन होतं, तिथून पुढे पाण्याला तोंड देणारे प्रकारही आले.

दुसरी अडचण प्रमाणाची. पॅलेडियम कधी कधी दहा लाखात काही भाग एवढंच लागतं, आणि यातले बरेच कॅटलिस्ट शंभर रेणूंमागे पाच-दहा. शिवाय बोरॉन स्वस्त असलं तरी त्याच्यावर लावलेले ते पेंटाफ्लोरोफेनिल गट, म्हणजे फ्लोरिन लावलेली बेंझीनची कडी, स्वस्त नाहीत, ते लावायला जे लिथियमचं संयुग वापरतात ते नीट थंड ठेवलं नाही तर स्फोट होतो. मूलद्रव्य मुबलक म्हणजे कॅटलिस्ट हिरवा असं डोळे झाकून समजायचं नाही, पूर्ण रेणूचा हिशोब मांडायचा. आणि लोखंड, निकेल, कोबाल्ट हे ट्रान्झिशन मेटल असूनही मुबलक आहेत, डालडा निकेलवरच बनायचा, त्यामुळे पॅलेडियमला पर्याय शोधणाऱ्याने तो रस्ताही बघायलाच हवा.

मग मेन ग्रुपचा नंबर आधी कुठे लागेल? माझ्या मते जिथे महाग धातू परत मिळतच नाही तिथे. स्वयंपाकघरातला सिलिकोनचा केकचा साचा घ्या, त्यावर कधी कधी प्लॅटिनम क्युअर्ड असं लिहिलेलं असतं. सिलिकोनच्या साखळ्या एकमेकींना जोडायला प्लॅटिनमचा कॅटलिस्ट घालतात आणि तो मालातच राहतो, रबर घट्ट झालं की प्लॅटिनम आत कायमचं अडकलं. आमच्या काळ्या केकसारखं ते डब्यात भरून रिफायनरकडे पाठवता येत नाही, बाळाच्या बाटलीचं बूच, लेबलच्या मागचा गुळगुळीत कागद, सगळीकडे थेंब थेंब प्लॅटिनम जातंय. इथे तोच फ्लोरिनवाला बोरॉन उपयोगी पडतो. १९९६ मध्ये कॅल्गरीच्या वॉरेन पिअर्स यांनी दाखवलं होतं की तो सिलिकॉन-हायड्रोजन बाँड पकडून ढिला करतो आणि हायड्राइड कार्बोनिलला (कार्बन-ऑक्सिजन डबल बाँडला) देता येतो, एफएलपी हे नाव येण्याच्या दहा वर्षं आधी. त्यातून पुढे पिअर्स-रुबिन्स्टायन रिॲक्शन आली, जी सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन साखळी साध्या तापमानाला, अगदी थोड्या बोरॉनवर जोडते. हिच्यात मिथेन किंवा इथेनसारखा वायू सुटतो, त्यामुळे जाड साच्यात बुडबुडे अडकतात आणि तिथे अजून प्लॅटिनमच बरं पडतं, पण फोम हवा असेल तर तेच बुडबुडे कामाला येतात, आणि कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मायकल ब्रुक यांच्या ग्रुपने अशा रीतीने प्लॅटिनमचा कणही न घालता सिलिकोनचे फोम बनवून दाखवलेत.